उघडे मैदान आणि खांद्यावरची शाल

पौषातील रात्र होती. जवळा बाजारच्या परिसरातील एका गावी कबड्डीच्या सामन्यांचा शेवटचा दिवस होता आणि पंचक्रोशीतील काही वडीलधाऱ्यांबरोबर आम्हांलाही व्यासपीठावर बसण्याचे निमंत्रण होते. परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हा सारा टापू त्या दिवसांत थोडा निवांत असतो. सोयाबीन केव्हाच विकले गेलेले असते, कापसाची वेचणी उरकत आलेली असते, हळद अजून जमिनीत असते. गावोगावी सामन्यांचे मंडप उभे राहतात ते याच दिवसांत.

उपान्त्य सामने नऊच्या सुमारास संपले. अंतिम सामना साडेनऊला सुरू होणार असे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले. परंतु प्रमुख पाहुणे यावयाचे होते. दहा वाजले, अकरा वाजले. दोन्ही संघांतील मुले घामाने भिजलेल्या बनियनांवर मैदानाच्या कडेला मातीत बसून होती. कोणी उठून अंगावर काही घ्यावयास निघाला की घोषणा होई, "पाहुणे शिवेवर आले आहेत, संघांनी तयार राहावे." साडेअकराला पाहुणे आले. मग सत्कार झाले. व्यासपीठावरील प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ देण्यात आले. आमच्या अंगात लोकरी कोट होता, गळ्याभोवती मफलर होता. त्यावर आणखी एक शाल पडली. समोर उघड्या दंडांची चौदा मुले हात काखेत घालून बसली होती. सव्वाबारा वाजता पंचांनी शिट्टी फुंकली आणि पहिल्याच चढाईत एका मुलाच्या पोटरीचा स्नायू दुखावला. त्याला उचलून बाहेर नेण्यात आले. सामना पुढे चालू झाला आणि आम्ही सर्वांबरोबर टाळ्या वाजविल्या. तो मुलगा रोजमजुरीने जाणारा असून पुढे तीन आठवडे त्याला कामावर जाता आले नाही, हे आम्हांला नंतर समजले.

दोष कोणा एकाचा नव्हता. आयोजक मंडळी सालस होती. वर्गणी गोळा करून, रात्री जागून त्यांनी मैदान तयार केले होते. तरीही घरी परतल्यावर ती शाल घडी करून ठेवताना एक प्रश्न मनात आला आणि तो अद्याप आमचा पाठलाग सोडीत नाही. कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर, अंतिम सामना खेळविणे योग्य आहे काय?

वाचक म्हणतील, हा काय प्रश्न झाला? याच दिवसांत, याच शिवारात, रात्रीच्या पाळीची वीज आली की शेतकरी गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी देण्यासाठी उठतो. गुडघाभर गार पाण्यात उभा राहून तो दारे धरतो. याच दिवसांत मराठवाड्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे लहान लेकरांसह कारखान्यांच्या परिसरात पालांखाली झोपतात. ज्या प्रदेशात माणसे अशी थंडी सोसतात तेथे चाळीस मिनिटांच्या खेळाची काळजी वाहणे हे पोट भरलेल्यांचे चोचले नव्हेत काय?

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. किंबहुना, त्याचे उत्तर शोधतानाच आमच्या विचाराला दिशा मिळाली. शेतातील थंडी शेतकऱ्याने निवडलेली नसते. पिकाला पाणी हवे असते, वीज रात्रीचीच असते आणि न गेल्यास घर उपाशी राहते. तेथे गरज हुकूम करते. ती गरज अन्यायाची असेल तर ती दूर झाली पाहिजे. परंतु ती एका रात्रीत किंवा एका गावाच्या हाताने दूर होत नाही. खेळाचे तसे नाही. खेळ हा माणसाने स्वतः उभारलेला व्यवहार आहे. मैदान किती मीटरांचे, गडी किती, डाव किती मिनिटांचा, मध्ये विश्रांती किती, हे सारे आपण ठरविले आहे. जगण्याच्या इतर व्यवहारांत आपण परिस्थितीचे दास असतो; निदान येथे तरी आपण नियमांचे धनी असतो. म्हणून शेतातील क्रूरतेला जी सबब सांगता येते ती खेळातील क्रूरतेला सांगता येत नाही. शेतातील थंडी ऋतूची आणि परिस्थितीची असते. त्या रात्रीची थंडी मात्र बरीचशी आमच्या वेळापत्रकाची होती.

आता दुसरी बाजूही पाहू. सामने उघड्यावर होतात यामागे काही अडाणीपणा नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल होतो. खेळाला योग्य ऋतू उरतो तो हिवाळाच. दिवसा मुले कामावर असतात आणि प्रेक्षकही. म्हणून सामने रात्रीवर जातात. छप्पर असलेले क्रीडागृह खेड्यात नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी असले तरी तेथवर जाण्याचे भाडे कोणी द्यावयाचे? उघडे मैदान ही गरिबाची सोय आहे. त्याला दार नाही, तिकीट नाही. आजीही येते, कडेवरचे मूलही येते आणि ज्याला कोठेच खुर्ची मिळत नाही तो बैलगाडीच्या साटीवर बसून सामना पाहतो.

आपले सारे खेळ असेच मोकळ्यावर वाढले. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोली येथे, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंबरोबर. पुढे तो भाताची कापणी झालेल्या मळ्यांत आणि चर्चपुढील पटांगणांत रुजला. कबड्डीचेही तेच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिला स्थान मिळाले. २०१४ पासून प्रो कबड्डीच्या रूपाने ती छपराखाली, दिव्यांच्या झगमगाटात आणि मॅटवर खेळली जाऊ लागली. परंतु तेथे चमकणारे कितीतरी गडी खेड्यातील मातीवरच तयार झालेले असतात. उघड्यावरचे सामने बंद करा असे कोणी म्हणेल तर खेड्यातील मुलाच्या पायाखालची माती काढून घेतल्यासारखे होईल. तसे आम्ही कदापि म्हणणार नाही.

मग प्रश्न कोठे उरतो? तो समजून घेण्यासाठी थोडे दूर जावे लागेल, कारण थंडीतील अंतिम सामन्याचा वाद जितका अमेरिकेत झाला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. तेथील फुटबॉल हा आपल्या ओळखीचा पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू हातात घेऊन, अंगाला अंग भिडवून खेळण्याचा तो रांगडा प्रकार आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे या उत्तरेकडील गावी त्याच्या विजेतेपदाचा सामना उघड्या मैदानावर झाला. तापमान शून्याखाली सुमारे पंचवीस अंश सेल्सिअस होते. मैदान गोठू नये म्हणून जमिनीखाली बसविलेली उष्णतेची यंत्रणा बंद पडली. पंचांच्या शिट्ट्या थंडीने निकामी झाल्या आणि त्यांना ओरडून निर्णय द्यावे लागले. ग्रीन बेच्या संघाने अगदी शेवटच्या क्षणी डॅलसवर २१ विरुद्ध १७ असा विजय मिळविला. तो सामना आजही शौर्यकथेसारखा सांगितला जातो. ज्यांच्या हातापायांना हिमदंश झाला त्यांची आठवण मात्र त्या कथेच्या कडेलाच राहते. शौर्याची कथा सांगणारा बहुधा उबेत बसलेला असतो.

याच देशातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. तेथील सर्वांत मोठा अंतिम सामना, ज्याला सुपर बोल म्हणतात, तो उबदार प्रदेशात व्हावा किंवा मैदानाला छप्पर असावे असा दंडक कित्येक वर्षे पाळला गेला. २०१४ साली न्यू जर्सीमध्ये तो प्रथमच थंड प्रदेशातील उघड्या मैदानावर झाला. त्या दिवशी हवा सुदैवाने बरी होती. दुसऱ्याच दिवशी तेथे बर्फ पडला. परंतु लक्षात घेण्याजोगे ते असे की, या अंतिम सामन्यापूर्वीचे निर्णायक सामने जानेवारीच्या भर थंडीत, उत्तरेकडील उघड्या मैदानांवर पूर्वीपासून होतच आले आहेत. खेळाडूंच्या शरीराचीच काळजी असती तर तो दंडक त्या सामन्यांनाही लागू झाला असता. तो लागू झाला केवळ त्या एका सामन्याला, ज्याला देशभरातून धनवंत पाहुणे येतात. मग ऊब कोणासाठी होती, हे वाचकांनीच ठरवावे.

कतारचे उदाहरण ताजे आहे. विश्वचषकाचे फुटबॉल सामने एरव्ही जून-जुलैत होतात. आखातातील उन्हाळा असह्य म्हणून २०२२ साली ते २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात खेळविण्यात आले. निर्णय योग्यच होता. खेळाडूंसाठी जगाचे वेळापत्रक बदलता येते हे त्याने सिद्ध केले. पण ती मैदाने बांधणाऱ्या भारतीय, नेपाळी आणि इतर मजुरांनी कित्येक उन्हाळे त्याच उन्हात काढले होते. ऋतू तोच होता. कोणाच्या घामाला किंमत आहे एवढाच फरक होता.

आपल्याकडेही पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील कसोटी सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मुखपट्ट्या बांधून मैदानात उतरले. हिवाळ्यातील धूरमिश्रित धुक्याने त्यांना श्वास घेणे कठीण झाले होते. खेळ वारंवार थांबला. तेव्हा अनेकांनी त्यांची कीव करण्याऐवजी चेष्टा केली. खेळ थांबविण्याची ही सबब आहे असे म्हटले. वस्तुतः त्याच मैदानावर वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, बंगाल आणि गुजरात यांच्यातील रणजी सामना अशाच हवेमुळे एकही चेंडू न टाकता रद्द करावा लागला होता. हवा खोटे बोलत नव्हती. परंतु "मला त्रास होतो" असे म्हणणारा खेळाडू आपल्याला दुबळा वाटतो, आणि ही आपली नजरच त्याचे तोंड बंद करते.

जगप्रसिद्ध खेळाडूंची ही गत, तर सोळा-सतरा वर्षांच्या खेड्यातील मुलाने काय बोलावे? आमच्या त्या रात्रीच्या मुलांपैकी कोणीही "आम्हांला थंडी वाजते, सामना सुरू करा किंवा उद्यावर टाका" असे म्हटले नाही. गावाची इभ्रत होती, बक्षिसाची रक्कम होती, समोर आप्तेष्ट होते, आणि मित्रांत हसे होण्याचे भय होते. त्याने नकार दिला नाही म्हणून त्याची संमती होती, असे म्हणणे म्हणजे मुक्याला तक्रार नाही असे म्हणण्यासारखे आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वतीने नाही म्हणणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते. आम्ही वडीलधारे होतो, आणि आम्ही गप्प बसलो.

थंडीत शरीराचे काय होते हेही समजून घेणे आवश्यक आहे, कारण अज्ञानाने केलेला अपाय हाही अपायच असतो. धावपळीने तापलेल्या अंगाला थंडी फारशी बाधत नाही. बाधते ती थांबल्यावर. घामाने ओली झालेली बनियन अंगाची ऊब वेगाने ओढून घेते, स्नायू आखडतात, आणि अशा आखडलेल्या स्नायूंना एकाएकी झेप घ्यावयास लावले की ते फाटतात. कबड्डीत तर श्वास रोखून, एका क्षणात वळावे आणि उसळावे लागते. मध्यरात्रीनंतर दव पडते. माती असल्यास निसरडी होते आणि हौसेने आणलेले मॅट असल्यास त्याहून निसरडे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याची नोंद आहे. ग्रीन बेच्या मानाने ही थंडी काहीच नव्हे. परंतु तेथील खेळाडूच्या अंगावर जाड पोशाख होता, आमच्या मुलाच्या अंगावर ओली बनियन होती.

येथे कोणी म्हणेल, थंडी दोन्ही संघांना सारखीच असते, मग अन्याय कसला? थंडी सारखी पडते, पण सारखी लागत नाही. एका संघाजवळ लोकरी अंगरखे असतात, मुक्कामाला खोली असते. दुसरा संघ उघड्या टेंपोतून आलेला असतो आणि सामना संपल्यावर त्याच टेंपोतून परतणार असतो. यजमान गावचा गडी घरी जाऊन कपडे बदलून येतो. पाहुण्या गावचा तेथेच बसून राहतो. पंचांनी मैदानाच्या रेषा कितीही सरळ आखल्या तरी अशा वेळी मैदान एका बाजूला कललेलेच असते.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि तो आमच्या पिढीचा आवडता आहे: "कष्टाशिवाय माणूस घडत नाही. आमच्या वेळी आम्ही अनवाणी खेळलो." यात तथ्य आहे. पहाटे उठून, गार पाण्याने अंग धुऊन तालमीत उतरणारा मुलगा घडतो, कारण ते कष्ट तो स्वतः पत्करतो आणि त्यांचा हेतू त्याला ठाऊक असतो. दुसऱ्याच्या सोयीसाठी लादलेले कष्ट माणसाला घडवीत नाहीत. ते त्याला एवढेच शिकवितात की तुझ्या शरीराची किंमत आमच्या वेळेपेक्षा कमी आहे. हा धडा आपली मुले जन्मभर विसरत नाहीत. पुढे ती स्वतः व्यासपीठावर बसतात तेव्हा तोच धडा दुसऱ्यांना देतात.

हा विचार खेळापुरताच मर्यादित नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात, मोकळ्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यास लाखो माणसे जमली आणि उष्माघाताने चौदा जणांनी प्राण गमावले. ती माणसे श्रद्धेने आली होती; कोणी त्यांना ओढून आणले नव्हते. तरीही जो माणसांना बोलावितो आणि वेळ ठरवितो, त्याच्यावर येणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी येते. श्रद्धा, हौस आणि इभ्रत ही माणसाला स्वतःची काळजी विसरावयास लावतात. म्हणूनच त्या वेळी ती काळजी दुसऱ्या कोणीतरी वाहावी लागते.

सारांश, आमच्या प्रश्नाचे उत्तर "होय" किंवा "नाही" अशा एका शब्दात देता येत नाही. परंतु ते अवघडही नाही. अंतिम सामना उघड्यावर अवश्य व्हावा, हिवाळ्यातही व्हावा. मात्र तीन गोष्टी आधी विचाराव्यात. ही थंडी ऋतूची आहे की आपल्या ढिलाईची? ती सोसणाऱ्याला नाही म्हणण्याची खरी मुभा आहे काय? आणि वेळ ठरविणारा ती थंडी स्वतः सोसत आहे काय? या तिसऱ्या प्रश्नावर आमचा अधिक भर आहे. ज्याच्या हाती घड्याळ आहे त्याच्या अंगाला वारा लागत असेल तर घड्याळ आपोआप नीट चालते. अन्याय होतो तो घड्याळ एकाच्या हाती आणि वारा दुसऱ्याच्या अंगाला, असे झाले म्हणजे.

याला पैसा फारसा लागत नाही. शेवटचा सामना रात्री आठपूर्वी सुरू व्हावा. पाहुणे आले तर त्यांच्यासह, न आले तर त्यांच्याविना. भाषणे आणि सत्कार सामन्यानंतर व्हावेत; ज्याला ऐकावयाचे तो थांबेल. दोन सामन्यांत खंड पडल्यास खेळाडूंना कोरडे कपडे, पांघरूण आणि गरम चहा मिळावा, आणि पुन्हा अंग मोकळे करण्यास दहा-पंधरा मिनिटे मिळावीत. मैदान ओले झाले असेल तर सामना दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचा अधिकार पंचांना असावा आणि तो वापरल्याबद्दल त्यांच्यावर कोणी ओरडू नये. मुलींचे सामने असतील तर ते आधी उरकावेत, म्हणजे त्यांना काळोखात परतावे लागणार नाही. आपल्या वस्तीत, शाळेत वा मंडळात कोठेही सामने भरत असतील तर एवढे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी प्रत्येकाला आहे, आणि ज्याला व्यासपीठावर बोलावले जाते त्याला तो सर्वांत अधिक आहे.

त्या रात्रीची शाल आमच्या कपाटात अजून आहे. तिचा धागा चांगला आहे, काठ जरीचा आहे, आणि ती आम्ही एकदाही पांघरली नाही. त्या वेळी उठून, चार पावले चालून, ती त्या मुलाच्या खांद्यावर टाकणे किती सोपे होते! व्यासपीठाची पायरी एकच होती. ती आम्ही उतरलो नाही, कारण सत्कार चालू असताना उठणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

पुढील पौषात निमंत्रण आले तर आम्ही जाणार आहोत. ती शाल बरोबर नेणार आहोत.